जळालेल्या मोटारींच्या दुकानातून एक खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य, महाराष्ट्र वीज नियामक आयोग
मा. सचिव, ऊर्जा विभाग, महाराष्ट्र शासन

विषय : शेतीपंपांची वीज मोजणे आणि अनुदानाचे पैसे आगाऊ भरणे

महोदय,

सीना नदीच्या काठी माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. आमच्याकडे रिवाइंडिंग असं कुणी म्हणत नाही, ‘मोटार भरणे’ म्हणतात. शेतकरी जळालेली मोटार आणून टाकतो, मी ती उघडतो, जुनी तार काढून नवी भरतो, फिरवून बघतो आणि परत देतो. २००४ पासून हेच काम करतोय. मोटारी जळतात म्हणून माझं घर चालतं, हे खरं आहे. तरीही दुकानात येणाऱ्या मोटारी कमी व्हाव्यात असं मला मनापासून वाटतं, आणि त्या का कमी होत नाहीत हे माझ्या हातांना रोज कळतं. म्हणून हे पत्र.

यंदा सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सीनेला पूर आला. काठच्या विहिरी बुजल्या, मोटारी, केबली, स्टार्टरच्या पेट्या वाहून गेल्या, खांब आडवे झाले, डीपी म्हणजे गावातले ट्रान्सफॉर्मर पाण्यात गेले. पुराचा दोष कुणाला देता येत नाही. वायरमन लोकांनी गुडघाभर चिखलात काम केलं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पण लाईट परत जोडताना जे दिसलं, ते पुराच्या आधीपासून चालत आलेलं होतं. खांब आले तर तार नाही, तार आली तर डीपीत ऑइल नाही, आणि फ्यूजच्या जागी पुन्हा तीच उघडी अ‍ॅल्युमिनियमची तार गुंडाळलेली.

दिवाळी झाल्यावर एक साडेसात एचपीची (हॉर्सपॉवरची) सबमर्सिबल, म्हणजे पाण्यात बुडून चालणारी मोटार, आली. पुरातून वाचलेली. माझे एक गिऱ्हाईक असलेल्या तात्यांनी ती पूर यायच्या आदल्या दिवशी नातवाला घेऊन वर ओढून ठेवली होती. ज्वारीला आणि थोड्या उसाला पाणी द्यायला परत सोडली, आणि तिसऱ्या रात्री जळाली. मी उघडली तेव्हा आतून काळं पाणी आलं. तिन्ही फेजच्या गुंडाळ्या असतात, त्यातल्या दोन वितळून एकमेकींना चिकटलेल्या, तिसरी नव्यासारखी. आमच्या कामातल्या पोरालाही याचा अर्थ कळतो : चालू मोटारीचा एक फेज गेला, बाकीच्या दोघांनी ओझं ओढलं आणि जळाल्या. व्होल्टेज कमी पडून जळाली असती तर तिन्ही सारख्याच काळ्या झाल्या असत्या.

तात्या बाजूला बसून होते. त्यांनी विचारलं, “माझी काय चूक झाली का रं?”

मी म्हटलं, “नाही तात्या, डीपीवरचा एक फ्यूज उडाला असणार. तुम्ही काय करणार?”

ते म्हणाले, “बिल शून्य येतंय म्हणून कुणी विचारीना झालंय बघ.”

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. आपल्याला जे सांगायचंय ते सगळं त्यात आहे. कुठल्या कार्यालयाच्या हद्दीत हे घडलं ते मी लिहीत नाही, कारण एका कार्यालयाला दोष देऊन काही होणार नाही. फ्यूजचा किट नसण्याचं कारण त्या कार्यालयात नाही, ते मुंबईत आहे. ते मी उलगडून सांगतो.

माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार ही, की शेतीला किती वीज जाते हे कुणीही मोजलेलं नाही.

विद्युत कायदा १० जून २००३ ला लागू झाला. त्याच्या कलम ५५ प्रमाणे दोन वर्षांनंतर मीटरशिवाय कुणालाही वीज देता येत नाही. मुदत वाढवायचा अधिकार आयोगाला आहे. म्हणजे हे काम २००५ मध्ये व्हायला हवं होतं. आज वीस वर्षं उलटली आणि राज्यातले लाखो शेतीपंप अजून एचपीवर आहेत. मीटर नाही, एचपी किती तेवढा आकडा. ज्यांना मीटर आहे त्यांतल्या कित्येकांचं रीडिंग कुणी घेत नाही. डिस्प्ले गेलेली, पेटीत मुंग्यांनी वारूळ केलेली मीटरं मी स्वतः पाहिली आहेत. मग फीडरवरून, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या मुख्य लाईनवरून, किती युनिट गेले, लाईटची पाळी किती तासांची होती, एचपी किती, यावरून अंदाज बांधायचा आणि तो आकडा शेतीची विक्री म्हणून दाखवायचा.

आता एचपीचं बघा. मोटारीवर पत्र्याची पाटी असते, तीवर एचपी लिहिलेला असतो. आणि आत तारेची जाडी, वेढे, स्टॅम्पिंगची लांबी असते. पाटीवर पाच आणि आत साडेसात, पाटीवर साडेसात आणि आत दहा, अशा मोटारी माझ्या टेबलावर येतात. हे सांगताना मला माझ्याच गिऱ्हाइकांविषयी बोलावं लागतंय, पण खोटं बोलून काही सुधारणार नाही. पाणी खोल गेलंय, पाच एचपी पुरत नाही, मंजूर भार वाढवून घ्यायचा तर कागद, पैसे आणि थांबणं, म्हणून माणूस मोठी मोटार सोडतो. २०२४ पासून साडेसातपर्यंत वीज मोफत झाल्यावर तर दहाची मोटार दहाची आहे असं कोण सांगेल? ६३ केव्हीए क्षमतेच्या डीपीवर कागदावर जेवढा भार असतो त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त प्रत्यक्षात असतो. त्यात प्रत्येकाने ऑटो स्विच लावलेला, कपॅसिटर कुणीच लावलेला नाही. रात्री लाईट आली की सगळ्या मोटारी एका क्षणात उठतात. डीपी तिथेच बसतो.

या अंदाजाच्या आकड्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या आहेत : शेतकऱ्याने खरोखर वापरलेली वीज, तारांमध्ये वाया गेलेली वीज आणि चोरीची वीज. गावात तारांवर आकडे टाकले जातात, ढाब्यावर, वीटभट्टीवर, लग्नाच्या मांडवात टाकले जातात, हे सगळ्यांना माहीत आहे. मोजणीच नसेल तर या सगळ्याचं ओझं शेतीच्या नावावर टाकणं सोपं जातं. शेतीची विक्री फुगली की गळती कमी दिसते, आणि विक्री फुगली की सरकारकडून मागायचं अनुदानही वाढतं. मी हे मनाने सांगत नाही. शेतीच्या विक्रीचे दावे आपल्याच आयोगाने आपल्या आदेशांत कमी करून धरलेले आहेत, त्यासाठी अभ्यासगट नेमले आहेत. म्हणजे आकडा चुकीचा आहे हे आपण मान्य केलंय. मग तो दुरुस्त करायचा उपाय वीस वर्षं लांबवला कशासाठी?

शहरात लोक म्हणतात, शेतकरी फुकट वीज वापरतो आणि आमचा दर वाढतो. मला त्याचा फार त्रास होतो. शेतकऱ्याने किती वापरली हे कुणालाच माहीत नसताना त्याच्यावर हा शिक्का बसलेला आहे. मोजा, आणि जे निघेल ते जाहीर करा. कदाचित शेतकऱ्याची वीज जास्तही निघेल. निघू द्या. आम्हाला खरा आकडा हवा आहे.

दुसरी तक्रार पैशांची.

मी दुकान टाकलं त्याच वर्षी, निवडणुकीच्या तोंडावर, शेतीची वीज मोफत झाली होती. शून्याची बिलं घरोघर वाटली गेली. २००५ मध्ये ती सवलत बंद झाली. मग वर्षानुवर्षं बिलं आली, काहींनी भरली, पुष्कळांनी भरली नाहीत, व्याज चढत गेलं, अभय योजना आल्या. २०२० चं कृषिपंप वीज धोरण आलं तेव्हा शेतीची थकबाकी सुमारे ४५ हजार कोटी रुपये झाली होती. त्या धोरणात मला एक गोष्ट फार आवडली होती. वसूल झालेल्या रकमेतला ३३ टक्के भाग त्याच ग्रामपंचायतीच्या हद्दीत वीजयंत्रणेवर आणि आणखी ३३ टक्के त्याच जिल्ह्यात खर्च करायचा. आमच्याकडे लोकांनी त्या आशेने पैसे भरले. मी स्वतः माझ्या चुलत्यांना तालुक्याला नेऊन निम्मी थकबाकी भरायला लावली. म्हटलं, काका, आता आपल्या पैशातून आपला डीपी नीट होईल. पैसे भरून आणि पुढे तगादा लावून एक जादा डीपी खरंच मिळाला. भरलेला पैसा आणि बदललेली तार यांचा संबंध माणसाला तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांनी दिसला.

मग २०२४ मध्ये बळीराजा वीज सवलत योजना आली. साडेसात एचपीपर्यंतच्या सुमारे ४४ लाख पंपांना एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ अशी पाच वर्षं मोफत वीज, आणि सरकारने वर्षाला १४,७६० कोटी रुपये द्यायचे. शेतकऱ्याला या आधाराची गरज नाही असं मी म्हणणार नाही. यंदाच्या पुरानंतर तर मुळीच म्हणणार नाही. पण बिल शून्य झालं आणि तो ३३ टक्क्यांचा धागा तुटला. गावातून वसुलीच नाही तर गावाचा वाटा कसला? पैसे आता थेट वरच्या वर फिरतात, आणि तात्यांच्या डीपीवरचा फ्यूज कुणाच्याच हिशेबात येत नाही.

आता हे वरचे पैसे कसे फिरतात ते बघू. कायद्याचं कलम ६५ स्पष्ट आहे. सरकारला कुणाला सवलत द्यायची असेल तर त्याची रक्कम आगाऊ द्यायची. रक्कम आली नाही तर सवलतीचा आदेश लागू राहत नाही, आयोगाने ठरवलेला दर लागू होतो. कायदा करणाऱ्यांनी हे अगदी विचारपूर्वक लिहिलेलं आहे. सरकारने उदारपणा करायचा तर स्वतःच्या खिशातून करायचा, वितरण कंपनीच्या गल्ल्यातून नाही. प्रत्यक्षात अनुदान हप्त्याहप्त्याने येतं, आणि त्यातला बराच भाग वीज शुल्कातून वळता करून घेतला जातो. वीज शुल्क म्हणजे माझ्या घरच्या बिलातली ती १६ टक्क्यांची ओळ. बिल समोर घेऊन बसा : स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, आणि या सगळ्याच्या खाली वीज शुल्क. तो सरकारचा कर आहे, वितरण कंपनी फक्त गोळा करते. तोच पैसा ‘अनुदान’ म्हणून तिला परत दिल्याचं दाखवायचं असेल तर निदान आम्हाला ते उघड सांगा.

अनुदान उशिरा आलं की कंपनी कर्ज काढते. कर्जाचं व्याज दरात येतं. दर वाढला की ज्याला जमतं तो बाहेर पडतो. मोठा कारखाना स्वतःची सौर वीज लावतो किंवा खुल्या बाजारातून घेतो. मागे उरतात माझ्यासारखे दुकानदार, पिठाची गिरणीवाले, दोन खोल्यांच्या घरातले लोक. जो जास्त दर भरून शेतीचा भार उचलत होता तोच गेल्यावर तो भार आमच्यावर येतो, म्हणजे दर पुन्हा वाढतो आणि आणखी काहीजण निघून जातात. ही गाडी उताराला लागलेली आहे.

शिवाय उधारी एका जागी थांबत नाही. सरकारचं महावितरणला देणं, महावितरणचं महानिर्मितीला, महानिर्मितीचं कोळसा कंपन्यांना. २०२२ च्या एप्रिलमध्ये कोळसा कमी पडून राज्यात पुन्हा भारनियमन आलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये थकबाकीवरून तेरा राज्यांतल्या वितरण कंपन्यांना वीज बाजारात खरेदी करायला मनाई झाली, त्या यादीत महाराष्ट्र होता. देशातल्या सगळ्यात श्रीमंत म्हणवणाऱ्या राज्याचं नाव त्या यादीत वाचताना मला लाज वाटली होती.

तिसरी गोष्ट थोडक्यात लिहितो, कारण ती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. १९९३ मध्ये तेव्हाच्या वीज मंडळाने दाभोळच्या (एन्रॉनच्या) वीज प्रकल्पाशी करार केला, १९९९ मध्ये तिथली वीज सुरू झाली, आणि परवडेना म्हणून २००१ मध्ये मंडळाला ती घेणं बंद करावं लागलं. वीज उचलली नाही तरी ठरलेले पैसे द्यायचे, हा त्यातला फास होता. २००५ मध्ये मंडळाच्या कंपन्या झाल्या, पण करारांची ती पद्धत संपली नाही. सालगडी ठेवला की काम असो नसो, साल द्यावं लागतं. म्हणून शेतकरी गरजेपुरतेच गडी ठेवतो. वीज प्रकल्प बंद ठेवून त्याचा स्थिर आकार आम्ही किती भरतो, हा आकडा दर महिन्याच्या बिलावर छापा. एक ओळ पुरेशी आहे.

चौथी तक्रार सरकारी थकबाकीची. ग्रामपंचायतीचे रस्त्यावरचे दिवे, पाणीपुरवठ्याच्या मोटारी, यांची थकबाकी हजारो कोटींची आहे. माझं दुकानाचं बिल एकदा लग्नाच्या गडबडीत राहिलं तर पंधरा दिवसांची नोटीस आली, आणि ती यायलाच हवी होती. मी भरलं. कायदा सगळ्यांना तोच आहे.

पाचवी तक्रार आयोगाकडे, आणि ही मी आदर राखून करतो. या वर्षी २८ मार्चला आपण पाच वर्षांच्या दरांचा आदेश दिला. त्याआधी जनसुनावणी झाली, लोक स्वतःच्या खर्चाने येऊन बोलले. आदेशात दर कमी झाले. आठवड्याच्या आत महावितरणच्या अर्जावर त्याला स्थगिती मिळाली. मग २५ जूनला नवा आदेश निघाला आणि १ जुलैपासून वेगळे दर लागू झाले. दुसऱ्या वेळी आमची जाहीर सुनावणी झाली नाही. पहिला हिशेब चुकला असेल तर दुरुस्त करणं हे आपलं कामच आहे. पण तीन महिन्यांत एवढा मोठा फरक कशामुळे पडला, कोणता आकडा कुठे बदलला, हे आम्हाला समोर बसवून सांगायला हवं होतं. आपले आदेश इंग्रजीत शेकडो पानांचे असतात. माझा पुतण्या इंजिनिअरिंगला आहे. आम्ही दोघं रात्री दुकानात बसून पानं उलटत होतो, आणि शेतीच्या विक्रीच्या तक्त्यापाशी येऊन थांबलो. त्याने विचारलं, “काका, हे युनिट कुणी मोजले?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

६ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की देशभरच्या आयोगांनी ग्राहकांकडून ‘नंतर वसूल करू’ म्हणून मागे ठेवलेल्या रकमा ठरावीक मुदतीत संपवाव्यात आणि पुढे अशी उधारी वाढू देऊ नये. निकाल योग्य आहे. पण ही मागची उधारी जर चुकीच्या मोजणीतून आली असेल, तर ती फेडायला आम्हालाच सांगण्याआधी मोजणी तपासा.

मीटरचा विषय निघाला म्हणून एक सांगतो. केंद्राची वितरण सुधारणा योजना तीन लाख कोटींहून मोठी आहे. तिच्यात घराघरांत स्मार्ट मीटर बसवायचे आहेत. माझ्या घरी मीटर आहे, गेली वीस वर्षं त्याचं रीडिंग होतंय, बिल भरतोय. त्या योजनेत प्रीपेड मीटरमधून शेतीपंप वगळले आहेत. प्रत्येक पंपाला मीटर बसवून त्याची राखण करणं अवघड आहे, हे मी समजू शकतो. विहिरीवर पेटी राहत नाही, वीज पडते, उंदीर वायर खातात. पण त्याच योजनेत फीडरला आणि डीपीला मीटर बसवायची सोय आहे. एका डीपीवर दहा-पंधरा पंप असतात. डीपीचं मीटर नीट चाललं तरी चोरी कुठे, गळती कुठे, शेतकऱ्याचा वापर किती, हे पुष्कळ अंशी उघडं पडेल. सगळ्यात आधी तिथे मीटर हवं होतं.

चांगलं काय चाललंय तेही लिहायला हवं. सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली, २०२३ पासून तिचा दुसरा टप्पा आला, १६ हजार मेगावॉटचं उद्दिष्ट आहे. गावाजवळच्या उपकेंद्राला सौर प्रकल्प जोडून शेतीला दिवसा वीज द्यायची, आणि तीही युनिटला तीन रुपयांच्या आसपास. जिथे दिवसा लाईट मिळायला लागलीय तिथला शेतकरी मला आनंदाने सांगतो. रात्रीच्या पाळीला बॅटरी घेऊन बांधावर उभं राहणाऱ्या माणसाला दिवसाची लाईट म्हणजे काय, हे मी इथे लिहून पटवू शकणार नाही. साप, बिबट्या, थंडी, आणि घरी बायको जागी. ही योजना नेटाने पुढे न्या. फक्त त्या फीडरवरही मोजणी झाली पाहिजे, नाहीतर स्वस्त विजेचाही हिशेब पुन्हा अंदाजातच जाईल. आणि तार तीच राहिली, डीपी तोच राहिला, तर दिवसा मोटारी जळतील, एवढाच फरक पडेल.

आमच्या मागण्या अशा आहेत.

येत्या मार्चअखेर शेतीच्या प्रत्येक फीडरचं मीटर चालू असल्याची खात्री करा, आणि डीपी मीटरचं वेळापत्रक जिल्हावार जाहीर करा. दर महिन्याला त्या फीडरवर किती युनिट गेले, किती तास थ्री फेज लाईट मिळाली आणि किती एचपी जोडलेला आहे, हे तीन आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत लावा. गावातली माणसंच सांगतील कुठला आकडा खोटा आहे.

मंजूर एचपी वाढवून घेण्यासाठी एकदाच सहा महिन्यांची सवलत द्या. दंड नको, जुना फरक नको. खरा भार कळल्याशिवाय कुठल्याही डीपीची क्षमता ठरवता येणार नाही.

सवलतीची रक्कम सरकारने कलम ६५ प्रमाणे आगाऊ भरावी, दर तिमाहीला. किती द्यायची होती, किती दिली, त्यातली रोख किती आणि वीज शुल्कातून वळती किती, हे आयोगाने तिमाही संपताच जाहीर करावं. रक्कम आली नाही तर आयोगाने कलम ६५ वापरावं. याचा अर्थ माझ्या गिऱ्हाइकांना बिल येऊ शकतं हे मला माहीत आहे. तरीही मी हे मागतो, कारण न भरलेली सवलत शेवटी त्यांच्याच मोटारीतून वसूल होते. साडेसातची सबमर्सिबल भरायला, वर काढायला, सोडायला जो खर्च येतो आणि पाण्यावाचून पिकाचे जे दिवस जातात, ते कुठल्याही सवलतीत भरून येत नाहीत.

त्या १४,७६० कोटींतला ठरावीक वाटा फीडरनिहाय दुरुस्तीसाठी बाजूला काढा, २०२० च्या धोरणात होता तसा. गावाला दिसू द्या की आपल्या नावाने आलेल्या पैशातून आपल्या डीपीला फ्यूजचे किट, ऑइल आणि नवी केबल आली. जळालेला डीपी ग्रामीण भागात ४८ तासांत बदलायचा नियम आहे. प्रत्येक उपविभागाने तो किती वेळा पाळला, याची यादी प्रसिद्ध करा. जिथे पाळला नाही तिथली भरपाई शेतकऱ्याने अर्ज करायची वाट न पाहता द्या.

सरकारी कार्यालयं आणि स्थानिक संस्थांची वीज थकबाकी त्यांच्या अनुदानातून थेट वळती करा.

दरात कुठलाही बदल करायचा असेल, फेरविचार असला तरी, जाहीर सुनावणी घ्या. ती जिल्ह्याच्या ठिकाणी घ्या. संपूर्ण आदेश मराठीत द्या.

आणि पूरग्रस्त पट्ट्यात रब्बीचं पहिलं पाणी देण्याआधी डीपींची तपासणी करा. हे काम मोठं नाही. प्रत्येक डीपीवर मोजकेच फ्यूज असतात.

माझ्याकडे एक वही आहे. दुकान टाकल्यापासून आलेली प्रत्येक मोटार तीत लिहिलेली आहे : तारीख, गाव, पाटीवरचा एचपी, आतला एचपी, आणि कशाने जळाली. एक फेज गेला असेल तर ‘ए’, व्होल्टेज कमी पडलं असेल तर ‘व्हो’, बेअरिंग गेलं असेल तर ‘बे’. अशा चार वह्या भरल्या, आता पाचवी चालू आहे. त्यात गिऱ्हाइकांची नावं आहेत, ती मी झाकून देईन. बाकी सगळं आयोगाच्या कुणा अधिकाऱ्याने येऊन पाहावं. तात्यांच्या मोटारीपुढे ‘ए’ लिहिलंय. ती भरून झाली, परवा त्यांनी नेली, आणि मी त्यांना सांगितलंय की डीपीला फ्यूज बसेपर्यंत रात्री चालवू नका.

आपला,
सीनाकाठचा एक मोटार भरणारा कारागीर
नोव्हेंबर २०२५